दातांचा दाखला, पोटाची साक्ष

कोल्हापूर भागातील आठवडी बाजारांत कोकणातून घाट चढून आलेले सुके बोंबील आणि सुका जवळा शेजारीशेजारी मांडलेले असतात. परंतु या दोहोंत भक्षक आणि भक्ष्य असे नाते आहे, हे त्या पाट्यांपुढून जाताना सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. बोंबलाचा जबडा उघडून पाहावा, म्हणजे आत वळलेले, अणकुचीदार आणि लांबीने असमान असे दात ओळीने दिसतात. याच दातांच्या आधारे कोळीवाड्यांत दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ते बांबूंवर वाळत घालतात. असल्या मुखाचा प्राणी मोठमोठी मासळी फाडून खात असेल, असा तर्क कोणीही करील. परंतु त्याच्या पोटात मुख्यत्वे सापडतो तो जवळा, त्याखालोखाल इतर कोळंबी व लहान मासे, आणि प्रसंगी त्याचीच पिल्ले.

बोंबील किनाऱ्यालगतच्या गढूळ पाण्यातला. पण त्याच्याच गणातील बाथिसॉरस हा मासा हजार मीटरांहूनही खाली, तळाच्या गाळावर निश्चल पडून भक्ष्याची प्रतीक्षा करतो. सुमारे २०० मीटरांखाली प्रकाशसंश्लेषणास पुरेल इतका उजेड पोचत नाही, त्यामुळे तेथील बहुतेक सारी रसद वरूनच यावयाची. तिचा काही भाग मृत जीवांच्या व विष्ठेच्या कणांच्या रूपाने अखंड झरत असतो, आणि काही भाग जिवंत मासेच पोटातून वाहून नेतात. अरबी समुद्रात अंगावर प्रकाशबिंदू मिरवणारे मिक्टोफिड कुळातील इवलेसे मासे सूर्यास्तानंतर वर येऊन कोपेपॉड हे सूक्ष्म कवचधारी जीव खातात आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा खाली उतरतात. १९३३-३४ साली सीमोर स्यूएल यांच्या नेतृत्वाखाली ‘मबाहिस’ जहाजाने या समुद्राचे अन्वेषण केले, तेव्हा मधल्या थरांत प्राणवायू अत्यल्प असल्याची नोंद झाली; अशा गुदमरविणाऱ्या पाण्यात हे मासे दिवस काढतात, हे मला विलक्षण वाटते.

परंतु दातांच्या दाखल्यावर विसंबू नये, हे सर्वांत स्पष्टपणे शिकवितो तो खोल पाण्यातलाच मालाकोस्टिअस नावाचा मासा. याचे दात भयंकर. खालच्या जबड्याच्या दोन हाडांमध्ये कातडीचा तळसुद्धा नाही, जणू मोठे भक्ष्य पकडताना पाण्याचा अडथळा नको म्हणूनच ही तजवीज. प्रत्यक्षात त्याच्या पोटात बहुसंख्येने आढळले ते कोपेपॉड! डोळ्याखालून तो तांबडा प्रकाश सोडतो, जो खोल पाण्यातील बहुतेक माशांना दिसतच नाही. स्वतः त्याला तो दिसतो, कारण त्याच्या नेत्रपटलात हरितद्रव्यापासून झालेले एक द्रव्य असते, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून उघड झाले. मासा असले द्रव्य स्वतः निर्माण करीत नाही. पृष्ठभागावरील सूक्ष्म वनस्पतींपासून ते कोपेपॉडांमार्फत त्याच्यापर्यंत येत असावे, असे अनुमान आहे. म्हणजे ज्या थरात सूर्य पोचत नाही, तेथील दृष्टीसही हिरव्या वनस्पतींचा हातभार लागतो.

अर्थात पोटाची साक्षही तपासून घ्यावी लागते. वर ओढताना दाब उतरून कित्येक माशांचे पोट तोंडातून उलटे बाहेर येते, आणि जाळ्यात कोंडलेले मासे शेजाऱ्यालाच गिळतात. म्हणून आता मांसातील जड नायट्रोजनही मोजतात. अन्नसाखळीच्या दर पायरीस त्याचे प्रमाण सुमारे हजारी तीन-चार भागांनी वाढते, त्यामुळे रिकाम्या पोटाचा मासाही गेल्या कित्येक महिन्यांत कोणत्या पायरीवरचे अन्न खात होता, ते कळते.