चंद्रपूर-गडचिरोलीत रोज फिरायला सायकल घ्यायचीये? मग आधी जाड टायर आणि शॉकअपचा नाद सोडा

डॉक्टरांनी सांगितलेलं असतं, वजन कमी करा. गुडघ्यांमुळे धावणं जमत नाही, जिममध्ये मन रमत नाही. मग घरात ठरतं, सायकल घ्यायची. सकाळी तासभर डांबरी रस्त्यावर फिरून यायचं, एवढीच अपेक्षा.

दुकानात गेलं की सगळ्यात पुढे उभी असते ती जाड टायरची सायकल. पुढे शॉकअप, कधी मागेही शॉकअप, २१ गिअर, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक. दुकानदार म्हणतो, "भाऊ, आपला जंगलाचा जिल्हा, हीच घ्या." आपल्यालाही पटतं. दोन महिन्यांनी तीच सायकल जिन्याखाली जाते आणि तिच्यावर टॉवेल वाळत असतात.

दोष आळसाचा असेलही, पण बऱ्याचदा दोष चुकीच्या सायकलीचा असतो.

उत्तर शाळेच्या रस्त्यावर आहे

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांमध्ये रोज सकाळी सायकलवर शाळेत जाणाऱ्या मुली दिसतात. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या १२५ तालुक्यांत आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. शाळेपासून ५ किलोमीटरपर्यंत राहणाऱ्या मुलींसाठी ही योजना आहे. २०२२ मध्ये ही रक्कम ३,५०० वरून ५,००० रुपये झाली.

आता या मुलींची सायकल नीट बघा. शॉकअप नाही, गिअर नाही. टायर मध्यम जाडीचा. मडगार्ड आहे, चेन कव्हर आहे, कॅरिअर आहे, स्टँड आहे. ही सायकल पावसात, उन्हात वर्षानुवर्षं चालते आणि बिघडली तर गावातच दुरुस्त होते.

डांबरी किंवा सिमेंट रस्त्यावर फिरण्यासाठी तुम्हाला हवी असलेली सायकल हिच्याच जवळची आहे. थोडी हलकी, तुमच्या मापाची आणि चांगल्या ब्रेकची. हायब्रिड किंवा सिटी बाईक म्हणून जी सायकल मिळते, ती साधारण अशीच असते.

शॉकअप का नको?

स्वस्त सायकलीतला शॉकअप जड असतो. उभं राहून जोर लावला की तो खाली-वर होतो आणि तुमची थोडी ताकद त्यातच जाते. खडकाळ पायवाटेवर त्याचा उपयोग आहे. डांबरी रस्त्यावर तुम्ही फक्त त्याचं वजन ओढता. अशा सायकलीचं वजन १६-१८ किलोंपर्यंत सहज जातं. एखाद-दुसऱ्या खड्ड्याचा धक्का योग्य हवा भरलेला टायर सोसतो.

टायर किती जाड?

रुंद टायर वाईट नसतो. त्रास देतात त्या टायरवरच्या मोठ्या गुठळ्या. त्या मातीत पकड देतात, पण डांबरावर घासतात आणि घूं घूं आवाज करतात. ३५ ते ४५ मिलिमीटर रुंदीचा, मधे गुळगुळीत टायर घ्या. रेसिंगचा २५ मिलिमीटरचा टायरही नको, कारण ट्रकला जागा द्यायला तुम्हाला मुरमाच्या कडेला उतरावंच लागतं.

हवा किती भरायची ते टायरच्या बाजूवर लिहिलेलं असतं. आठवड्यातून एकदा तपासा. कमी हवेची चांगली सायकलसुद्धा जड चालते.

गिअर लागतात का?

चंद्रपूर, बल्लारपूर, मूल, सावली, वडसा, गडचिरोली. हा सगळा पट्टा बराचसा सपाट आहे. तासभर फिरायला एक गिअर पुरतो. गुडघे दुखत असतील किंवा समोरून वारा असेल, तर मागे ७ गिअर असलेली सायकल आरामाची. पुढे ३ आणि मागे ७ असे २१ गिअर एटापल्ली-भामरागडच्या चढांवर कामाला येतील, मूलच्या रस्त्यावर नाही. जेवढे गिअर जास्त, तेवढी देखभालही जास्त.

माप बघितल्याशिवाय पैसे देऊ नका

सायकलीच्या नळीवर दोन्ही पाय टेकवून उभे राहा. नळी आणि तुमच्यात दोन-तीन बोटांचं अंतर हवं. मग सीटवर बसा, टाच पायडलवर ठेवा आणि पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ झाला तर सीटची उंची बरोबर. सीट खाली राहिली की गुडघा जास्त वाकतो आणि दुखतो. साडी नेसून चालवायची असेल किंवा वय झालं असेल, तर खाली वाकलेल्या नळीची सायकल घ्या. तिला लेडीज सायकल म्हणतात, पण ती कुणीही चालवावी.

वॉल्व्ह आणि मडगार्ड

महागड्या सायकलींना बारीक, लांब वॉल्व्ह असतो. गावच्या पंक्चरच्या दुकानातला पंप त्याला बसत नाही. मोटारसायकलसारखा किंवा जुन्या सायकलीसारखा वॉल्व्ह असेल, तर अहेरीपासून वरोऱ्यापर्यंत कुठेही हवा भरून मिळेल. टायरचं मापही जवळच्या दुकानात मिळतं का, ते आधी विचारा.

मडगार्ड नसलेली सायकल पावसाळ्यात तुमच्या पाठीवर चिखलाची रेघ काढते. मात्र वरोरा-भद्रावतीकडच्या काळ्या मातीत टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा हवी, नाहीतर माती अडकून चाकच थांबतं.

ऑनलाइन घेतलेली सायकल अर्धवट जोडलेली येते. घरी जोडताना पुढचा चिमटा उलटा बसण्याची चूक खूपदा होते. मिस्त्रीला शे-दोनशे रुपये देऊन ब्रेक, नट आणि चिमटा तपासून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं: फिरायचं कधी?

चंद्रपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. मग सायकलीसाठी उरते पहाट किंवा संध्याकाळ. नेमकी तीच वेळ वाघ, बिबट आणि अस्वलाच्या हालचालीची असते. पहाटे मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपानं तोडायला जाणाऱ्यांवर हल्ले होतात, त्यामागे हेही एक कारण आहे.

हा धोका दूरच्या जंगलापुरता नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये चंद्रपूर शहराला लागून असलेल्या महाऔष्णिक वीज केंद्राच्या परिसरात एका कामगाराचा वाघाच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता.

सायकलीचा आवाज होत नाही. त्यामुळे तुमची चाहूल प्राण्याला लागत नाही आणि कानात इअरफोन असतील तर त्याची तुम्हाला. म्हणून अंधारात वस्तीतल्या, दिवे असलेल्या रस्त्यांवरच फिरा. लोहारा, जुनोना, मोहर्लीकडचे जंगलाला लागून असलेले रस्ते पूर्ण उजाडल्यावरच, तेही दोघा-चौघांनी, बोलत. घंटी वाजती ठेवा आणि रस्ता सोडून झुडपात शिरू नका.

दुसरा धोका ट्रकचा. घुग्घुस-पडोलीकडे कोळशाचे आणि आष्टी-आलापल्ली रस्त्यावर लोहखनिजाचे ट्रक सतत धावतात. तिथे रोजच्या फेरफटक्याला न गेलेलंच बरं. बाकी कुठेही पुढे पांढरा दिवा, मागे लाल दिवा आणि डोक्यावर हेल्मेट हवंच.

हे सगळं महाग पडेल असं वाटत असेल, तर हिशोब सोपा आहे. शॉकअप, मागचा डिस्क ब्रेक आणि नको असलेले गिअर वगळा. त्यातून वाचलेल्या पैशात हेल्मेट, दोन दिवे आणि हवेचा पंप येतो. आणि दुकानातून निघण्याआधी दहा मिनिटं सायकल चालवून बघू द्या म्हणा. दुकानदार नाही म्हणाला, तर पुढचं दुकान गाठा.