निम्म्या उत्तराची आठ वर्षे

१९११ साली प्रागमध्ये असताना आइन्स्टाइनने एक आकडा छापला: सूर्याच्या कडेजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश ०.८३ विकलांनी वळेल. विकला म्हणजे अंशाचा ३,६००वा भाग. हे उत्तर निम्मेच आहे, याची तेव्हा कोणालाच कल्पना नव्हती.

मूळ विचार १९०७चा, बर्नच्या पेटंट कार्यालयातला. छपरावरून पडणाऱ्या माणसाला पडताना स्वतःचे वजन जाणवत नाही. मग त्याला काही ओढते आहे असे कशाला मानायचे? पडणे हीच स्वाभाविक गती. उभ्या माणसाला मात्र जमीन सतत वर रेटत असते. यातूनच पुढे निघाले की सूर्यापाशी घड्याळे मंद चालतात. १९११चे गणित एवढ्या मंदपणावरच बेतलेले होते.

ते पडताळायला फ्रॉइंडलिश हा जर्मन खगोलशास्त्रज्ञ १९१४ मध्ये क्रायमियाला गेला. २१ ऑगस्टच्या खग्रास ग्रहणाआधीच महायुद्ध पेटले आणि रशियनांनी त्याला अटक केली. आइन्स्टाइनचे नशीब थोर! मोजमाप नीट झाले असते, तर त्याचा सामान्य सापेक्षतेचा सिद्धान्त पुरा होण्याआधीच खोटा ठरला असता.

तोवर ग्रॉसमन या मित्राच्या मदतीने आइन्स्टाइनने रीमानची वक्र अवकाशाची भूमिती आत्मसात केली होती. १८ नोव्हेंबर १९१५ला बर्लिनच्या अकादमीत त्याने दोन उत्तरे मांडली: बुधाच्या कक्षेचे शतकातले ४३ विकलांचे न उलगडलेले सरकणे, आणि प्रकाशाचे वळण, आता १.७ विकला. वाढलेला निम्मा वाटा अवकाशाच्या वक्रतेचा. फेकलेला दगड प्रकाशापुढे इतका मंद की त्याची वाट जवळजवळ सगळी कालाच्या वक्रतेनेच ठरते; प्रकाशाला दोन्ही वाटे सारखेच भोवतात. म्हणूनच वक्र अवकाश दाखवणारे खोलगट रबरी चादरीचे लाडके चित्र मला पटत नाही. दगड पडतो तो ज्यामुळे, ते त्यात दिसतच नाही.

२९ मे १९१९च्या ग्रहणात ब्राझीलमधील सोब्राल येथे १.९८ आणि आफ्रिकेजवळच्या प्रिन्सिपे बेटावर एडिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाला १.६१ विकला मिळाल्या. ६ नोव्हेंबरला लंडनमध्ये निकाल जाहीर झाला, तेव्हा आइन्स्टाइनचाच जुना निम्मा आकडा ‘न्यूटनचा’ म्हणून मोडीत निघाला. सोब्रालच्याच दुसऱ्या दुर्बिणीने ०.९३ दाखवले होते. प्रतिमा पुसट म्हणून त्या छायाचित्रांच्या काचा बाजूला ठेवल्या गेल्या. त्यावरची कुरबुर बरीच वर्षे चालली. १९७०च्या दशकात रेडिओ दुर्बिणींनी, ग्रहणाची वाट न पाहता, हेच वळण एका टक्क्याच्या अचूकतेने मोजले.