नदीच्या गाळांतील कीटकनाशकें

पिकावर फवारलेलें औषध पावसानें धुऊन गेलें म्हणजे नष्ट झालें, ही समजूत बरोबर नाहीं. वाशीम जिल्ह्यांतील काळी माती चिकण आहे. पाण्यांत फारसें न विरघळणारें औषध तिच्या कणांस चिकटून ओढ्यावाटे पैनगंगेंत जातें व संथ पाण्यांत गाळाबरोबर तळाशीं बसतें. तेथें ऊन पोहोंचत नाहीं, हवाही थोडी. म्हणून बहुतेक औषधांचें विघटन मंदावतें. शिवाय विघटन म्हणजे निर्विषता नव्हे: २०११ सालीं बंदी आलेल्या एंडोसल्फानपासून बनणारें सल्फेट जवळजवळ तितकेंच विषारी व अधिक टिकाऊ असतें. सबब पाऊस समोर दिसत असतां फवारणी करूं नये. बांध व ओढ्याकांठचें गवत राखावें. माती शेतांत राहिली, तर औषधही तेथेंच उन्हावाऱ्यानें लवकर विघटन पावेल.