चकतीची वाटणी करणारी आज्ञावली मध्येच का बंद पडते?

एखाद्या शाळेत आठ-दहा वर्षे वापरलेला संगणक आहे, अशी कल्पना करू या. त्याच्या चकतीवर मागील परीक्षांचे निकाल, ग्रंथालयाची दाखल-नोंदवही आणि शिक्षकांनी तयार केलेली टिपणे साठविलेली आहेत. त्यावरील विंडोज १० या कार्यप्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, आणि तिची पुढची आवृत्ती या जुन्या यंत्रावर चालण्यासारखी नाही. म्हणून त्यावर लिनक्सवर आधारलेली कार्यप्रणाली बसवावयाचे ठरते. भारतात सी-डॅक या संस्थेने तयार केलेली ‘बॉस’ ही अशाच प्रकारची प्रणाली होय. काम सुरू होते. भाषा निवडली जाते, घड्याळ लावले जाते, आणि चकतीची वाटणी करण्याची पायरी येताच पडद्यावरील चौकट नाहीशी होते. आज्ञावली बंद पडलेली असते.

अशा वेळी काम करणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो तो साठविलेल्या माहितीचा. ती गेली काय? बहुतेक प्रसंगी ती गेलेली नसते. ती जाते ती पुष्कळदा त्यानंतर घाईने केलेल्या उपायांमुळे. म्हणून उपायांकडे वळण्यापूर्वी वाटणी म्हणजे काय आणि ती करताना आज्ञावली कोणकोणत्या अवस्थांतून जाते, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

वाटणीची नोंद

गावची जमीन सलग असते. तिचे जे तुकडे आपण मानतो ते मोजणीच्या नोंदीमुळे पडलेले असतात. अमुक दगडापासून तमुक दगडापर्यंतचे क्षेत्र एकाचे, त्यापुढील दुसऱ्याचे, असे नोंदवहीत लिहिलेले असते. संगणकाच्या चकतीचेही असेच आहे. (आजच्या कित्येक संगणकांत फिरणारी चकती नसून अर्धवाहक स्मृतीची पेटी असते; पण वाटणीच्या दृष्टीने दोन्हींचे नियम एकच आहेत.) चकतीवरील जागा ‘सेक्टर’ नावाच्या लहान लहान समान खंडांत मोजतात. एका सेक्टरमध्ये बहुधा ५१२ बाइट मावतात. बाजारात ५०० गिगाबाइट म्हणून मिळणाऱ्या नेहमीच्या चकतीवर असे ९७,६७,७३,१६८ सेक्टर असतात. त्यांची गणना शून्यापासून होत असल्याने शेवटच्या सेक्टरचा क्रमांक ९७,६७,७३,१६७ हा असतो.

कोणत्या क्रमांकापासून कोणता विभाग, म्हणजे पार्टिशन, सुरू होतो आणि तो किती लांब आहे, हे ज्या नोंदीत लिहिलेले असते तिला विभाग-कोष्टक म्हणू. या कोष्टकाच्या दोन पद्धती आज आढळतात. पहिली १९८३ सालची. त्या वर्षी आयबीएम कंपनीचा पीसी एक्सटी हा संगणक आला आणि त्याच्याबरोबर पीसी डॉस प्रणालीची दुसरी आवृत्ती आली. तिने ही पद्धत आणली. तिच्यात सर्व कोष्टक चकतीच्या अगदी पहिल्या सेक्टरमध्ये असते. त्यातील ५१२ बाइटांपैकी ४४६ बाइट संगणक सुरू करणाऱ्या लहानशा आज्ञावलीसाठी, ६४ बाइट कोष्टकासाठी आणि उरलेले २ बाइट ओळखीच्या खुणेसाठी असतात. एका नोंदीस १६ बाइट लागतात, म्हणून मुख्य नोंदी चारच. शिवाय सेक्टरची संख्या ३२ द्विमान अंकांत लिहिली जात असल्याने सुमारे २.२ लाख कोटी बाइटांपलीकडील जागेची नोंद या पद्धतीने करता येत नाही.

ही अडचण दूर करण्यासाठी दुसरी पद्धत निघाली. तिला ‘जीपीटी’ म्हणतात. तिच्यात साधारणतः १२८ नोंदींची सोय असते. अंकगणितात आपण गुणाकाराचा ताळा पाहतो, तसा संपूर्ण कोष्टकाचा ताळा तिच्यात लिहून ठेवलेला असतो. म्हणून एखादा अंक बिघडला तर ते तत्काळ कळते. याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कोष्टकाची एक प्रत चकतीच्या आरंभी आणि दुसरी अगदी अखेरीस ठेवलेली असते. ही अखेरची प्रत सुरक्षिततेसाठी असली, तरी पुढे पाहावयाच्या एका घोटाळ्याचे मूळही तीच होते.

आज्ञावली केव्हा थांबली?

वाटणी करणारी आज्ञावली तीन अवस्थांतून जाते. प्रथम ती चकतीवरील जुन्या नोंदी वाचते. नंतर नवी वाटणी कशी असावी याचा आराखडा ती आपल्या स्मृतीत मांडते आणि संमती मिळाल्यावर तो चकतीवर लिहिते. आणि एखादा जुना विभाग लहान करावयाचा अथवा सरकवावयाचा असेल, तर त्यातील माहिती ती प्रत्यक्ष उचलून दुसरीकडे ठेवते. आज्ञावली बंद पडली असे म्हणताना ती यांपैकी कोणत्या अवस्थेत बंद पडली, हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे. कारण तिन्ही अवस्थांतील कारणे निराळी आणि धोकाही निराळा.

वाचताना बंद पडल्यास चकतीवर काहीही लिहिले गेलेले नसते. माहिती जशीच्या तशी असते. डेबियन प्रणालीची स्थापना करणारी आज्ञावली तर बदल चकतीवर लिहिण्यापूर्वी स्पष्ट प्रश्न विचारते आणि तेथे ‘नाही’ हेच उत्तर आधीपासून निवडलेले असते. तो प्रश्न आलाच नसेल, तर फारशी चिंता करण्याचे कारण नाही. लिहिताना बंद पडल्यास कोष्टक अपुरे राहू शकते. पण माहिती तेथेच असते, केवळ तिची नोंद हरवते. माहिती हलवीत असताना बंद पडणे हा प्रकार खरा गंभीर होय. कारण अर्धी माहिती जुन्या जागी आणि अर्धी नव्या जागी अशी स्थिती होते.

वाचतानाचे दोष

पुष्कळशा तक्रारी पहिल्या अवस्थेतील असतात. मोजणीदार गावात आला आणि त्याला एकाच जमिनीच्या दोन परस्परविरोधी नोंदवह्या मिळाल्या, तर तो काम थांबवील आणि विसंगती दाखवून देईल. चांगल्या आज्ञावलीनेही असेच करावयास हवे. परंतु तिच्या रचनाकाराने जी विसंगती कधी कल्पिलीच नव्हती ती समोर आली, तर पुढे काय करावे याची सूचना तिच्याजवळ नसते आणि ती बंद पडते.

अशी विसंगती कशी निर्माण होते? समजा, एक चकती पूर्वी जीपीटी पद्धतीने विभागलेली होती. पुढे कोणी तिच्यावर जुन्या पद्धतीचे कोष्टक लिहिले. असे करताना काही आज्ञावल्या पहिला सेक्टर तेवढा बदलतात. जीपीटीच्या उरलेल्या नोंदी आणि ९७,६७,७३,१६७ व्या सेक्टरमधील त्यांची अखेरची खूण तशीच राहते. आता वाचणाऱ्या आज्ञावलीस दोन कोष्टके दिसतात. काही आज्ञावल्या अशा वेळी संपूर्ण चकती रिकामी असल्याचे दाखवितात. काही तेथेच थांबतात.

दुसरे उदाहरण जोड-चकत्यांचे. पूर्वी एखादी चकती दुसऱ्या चकतीबरोबर ‘रेड’ या पद्धतीने जोडून वापरलेली असेल, तर त्या जोडणीची खूण तिच्यावर राहून जाते. पुष्कळ मातृफलकांवरील अशा सोयीत ही खूण चकतीच्या शेवटच्या भागात असते. त्यामुळे पुढचे विभाग पुसून नवे केले तरी ती शाबूत राहते. स्थापना करणारी आज्ञावली ही खूण पाहून चकतीच्या जोडीदाराचा शोध घेते, आणि तो तर केव्हाच निघून गेलेला असतो.

तिसरे उदाहरण हद्दीबाहेरच्या नोंदीचे. मोठ्या चकतीची हुबेहूब प्रत लहान चकतीवर उतरविली, तर कोष्टकात एखाद्या विभागाचा शेवट चकतीच्या शेवटापलीकडे लिहिलेला आढळतो. दोन विभाग एकमेकांवर चढलेले दिसणे हाही याच जातीचा दोष होय.

यांखेरीज तीन कारणे कोष्टकाशी संबंध नसलेली आहेत. स्थापनेचे माध्यम सदोष असेल, तर आज्ञावलीचा काही भागच चुकीचा वाचला जातो. संगणकात स्मृती अपुरी असेल, तर कार्यप्रणाली स्वतःच त्या आज्ञावलीस बंद पाडते. आणि चकती जीर्ण झाली असेल, तर काही सेक्टर वाचताच येत नाहीत. हे शेवटचे कारण सर्वांत आधी तपासावयास हवे. कारण मरणोन्मुख चकतीवर प्रत्येक नवा प्रयोग तिचे आयुष्य कमी करतो.

लिहितानाचे आणि हलवितानाचे दोष

लिहिताना येणारी नेहमीची अडचण म्हणजे विभाग वापरात असणे. ज्या शेतात पेरणी चालू आहे त्याच्या हद्दीचे दगड उपटता येत नाहीत. प्रायोगिक रूपाने चालविलेल्या लिनक्स प्रणालीने चकतीवरील जुना ‘स्वॅप’ विभाग आपल्या कामासाठी घेतलेला असतो, किंवा कोणी जुने दस्तऐवज पाहण्यासाठी एखादा विभाग उघडलेला असतो. मग गाभा नवे कोष्टक स्वीकारीत नाही. अशा वेळी उघडलेले विभाग सोडावे, स्वॅप बंद करावा आणि पुन्हा आरंभ करावा, एवढेच पुरते.

विभाग हलविताना विंडोजची एक सोय नडते. ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असल्यास संगणक बंद केल्यावरही तो पूर्णपणे बंद झालेला नसतो. प्रणालीची काही अवस्था चकतीवर राखून ठेवलेली असते. अशा विभागाचा आकार बदलणे धोक्याचे आहे. प्रथम विंडोजमध्ये जाऊन ती सोय बंद करावी, चकतीची तपासणी करावी, संगणक पूर्णपणे बंद करावा. शक्य असल्यास विभाग लहान करण्याचे काम विंडोजच्याच साधनाने करावे. वीज जाण्याचा संभव असेल तेथे हे काम हाती घेऊच नये.

उपायांचा क्रम

पहिली गोष्ट, थांबावे. तेच बटण पुनःपुन्हा दाबल्याने कारण कळत नाही.

दुसरी गोष्ट, माहितीची प्रत घ्यावी. स्थापनेच्या बऱ्याच माध्यमांवरून चकतीवर काही न लिहिता प्रणाली चालविता येते. तशी ती चालवून आवश्यक दस्तऐवज बाहेरील साधनावर उतरवावे. चकती जीर्ण असल्याची शंका असेल तर ‘डीडीरेस्क्यू’ या साधनाने आधी संपूर्ण चकतीची प्रत काढावी आणि पुढचे काम त्या प्रतीवर करावे.

तिसरी गोष्ट, माध्यमाचा ताळा पाहावा. प्रणाली प्रसिद्ध करणारे लोक तिच्याबरोबर ६४ चिन्हांचा ‘शा-२५६’ हा ताळा देतात. उतरवून घेतलेल्या संचिकेचा ताळा काढून तो याच्याशी अक्षरशः जुळतो की नाही हे पाहावे. एका चिन्हाचा फरक असला तरी ती संचिका टाकून द्यावी.

चौथी गोष्ट, नोंदपत्रक वाचावे. बंद पडण्यापूर्वी आज्ञावलीने आणि गाभ्याने काय लिहून ठेवले आहे ते त्यात मिळते. डेबियनच्या मजकुरी स्थापनेत ऑल्ट आणि एफ४ या कळा एकत्र दाबल्या की ते पडद्यावर येते. त्यात ‘आय-ओ एरर’ हे शब्द वारंवार आले असतील, तर चकतीकडे किंवा तिच्या तारेकडे बोट जाते. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ असे असेल, तर विभाग वापरात आहे. ‘आउट ऑफ मेमरी’ असे असेल, तर स्मृती कमी पडली. ‘ओव्हरलॅपिंग पार्टिशन्स’ किंवा ‘आउटसाइड द डिस्क’ असे असेल, तर कोष्टकातच विसंगती आहे. हे चार वाक्प्रचार ओळखता आले तरी निम्मे निदान होते. चकतीच्या स्वतःच्या प्रकृतीची नोंद ‘स्मार्ट’ या सोयीने वेगळी वाचता येते.

पाचवी गोष्ट, कोष्टक पाहावे. पण बदलू नये. ‘एफडिस्क’ या साधनाने विभागांची यादी मिळते. ‘वाइपएफएस’ हे साधन कोणताही पर्याय न देता चालविले, तर चकतीवरील जुन्या खुणा दाखविते आणि काहीही पुसत नाही. ‘एसएफडिस्क’ने कोष्टकाची लेखी प्रत काढून ती दुसऱ्या साधनावर ठेवावी. पुढे चूक झाली तर हीच प्रत कामी येते.

यानंतरच दुरुस्तीचा विचार करावा. चकतीवर राखण्यासारखे काही नसेल, तर मार्ग सोपा आहे. सर्व जुन्या खुणा पुसाव्या, नवे कोष्टक लिहावे आणि स्थापना पहिल्यापासून सुरू करावी. माहिती राखावयाची असेल, तर नेमकी जी खूण खोटी आहे तेवढीच काढावी. जुन्या पद्धतीचे कोष्टक खरे आणि जीपीटीचे अवशेष खोटे असतील, तर ‘फिक्सपार्ट्स’ हे साधन ते अवशेष काढून टाकते. मात्र कोणते कोष्टक खरे आहे हे ठरविल्याशिवाय ते चालवू नये; खरी नोंद पुसली, तर निकाल आणि नोंदवही चकतीवर असूनही सापडणार नाहीत. स्थापना करणारी आज्ञावली तरीही अडत असेल, तर वाटणी आधीच ‘जीपार्टेड’सारख्या स्वतंत्र साधनाने करून घ्यावी आणि तयार विभाग तिला केवळ दाखवून द्यावे.

आरंभी कल्पिलेल्या शाळेतील संगणकाकडे पुन्हा वळू. त्याची आज्ञावली वाटणीची पायरी येताच, संमतीचा प्रश्न विचारण्यापूर्वी बंद पडली. म्हणजे ती वाचतानाच थांबली. निकाल, नोंदवही आणि टिपणे चकतीवर आहेत. चकतीची प्रकृती ठीक असेल, तर त्यांची प्रत एका दुपारी निघू शकते. त्यानंतर दुरुस्तीत चूक झाली, तरी ती केवळ वेळेची हानी ठरेल. प्रत न घेता केलेली तीच चूक मात्र अनेक वर्षांचे काम नाहीसे करू शकते.