बालवर्गातील बक्षीस

बालवाडी, अंगणवाडी आणि पहिली-दुसरीच्या वर्गांत मुलांनी अपेक्षित वर्तन करावे यासाठी दिली जाणारी वस्तू, खूण अथवा कौतुक यांस बालवर्गातील बक्षीस म्हणतात. हातावर काढलेली चांदणी, सर्वांनी वाजवलेल्या टाळ्या, खाऊ ही त्याची परिचित रूपे होत. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांना बंदी घातल्यानंतर छडीची जागा बक्षिसाने घेणे स्वाभाविक वाटते. बालशिक्षणाच्या परंपरेत मात्र शिक्षेइतकाच बक्षिसावरही आक्षेप घेतला गेला आहे.

मारिया माँटेसरी यांनी १९०७ मध्ये रोम येथे पहिले बालगृह सुरू केले. त्यांनी नोंदवलेल्या एका प्रसंगात बक्षीस म्हणून गळ्यात क्रूस घातलेला मुलगा कामात गढलेला असताना तो क्रूस खाली पडला. शिक्षा म्हणून बसवलेल्या दुसऱ्या मुलाने तो उचलून दिला, तर पहिल्याला त्याची फिकीर नव्हती. अखेर शिक्षा झालेल्या मुलानेच तो आनंदाने घातला. माँटेसरींचा हा विचार गिजुभाई बधेका यांनी भावनगरला रुजवला. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू करून बालशिक्षण खेड्यात नेले. ऑक्टोबर १९३७ मधील वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून पुढे आलेल्या नई तालीममध्ये शिक्षणाच्या केंद्रस्थानी हस्तोद्योग होता. कातण्याचे फळ म्हणजे हाती आलेले सूत. निराळ्या बक्षिसाला तेथे फारसा वाव उरत नाही.

वर्तनवादी मानसशास्त्र याच्या उलट बाजूने विचार करते. बी. एफ. स्किनर यांच्या प्रबलन सिद्धान्तानुसार ज्या वर्तनामागोमाग सुखद परिणाम येतो, ते पुन्हा घडण्याची शक्यता वाढते. परंतु मुलाला जे मुळातच आवडते त्यावर बक्षीस लावल्यास काय होते, याचा शोध लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घेतला. चित्रे काढण्याची आवड असलेल्या ५१ बालकांपैकी काहींना चित्राबद्दल प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले, उरलेल्यांना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत, आधी आश्वासन मिळालेली मुले इतरांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रांत रमली. अनपेक्षित बक्षिसाने मात्र आवड घटली नाही. प्रयोग लहान होता, तरी बक्षिसाच्या हेतूविषयीच्या चर्चेत तो आजही आधारभूत मानला जातो.

त्यामुळे चपला रांगेत ठेवणे, हात धुणे यांसारख्या मुळात रस नसलेल्या सवयींपुरते बक्षीस वापरावे, आणि सवय लागताच ते हळूहळू कमी करावे, असे सुचवले जाते. गोष्ट ऐकणे किंवा चित्र काढणे यांवर ते लावणे जोखमीचे ठरते. नुसत्या ‘शाब्बास’पेक्षा ‘तू सगळे ठोकळे परत ठेवलेस’ असे नेमके बोलणे मुलाला अधिक कळते.