दामाजी, दमडी आणि चार आण्याची कोंबडी

'खिशात दमडी नाही', 'पै न् पैचा हिशेब दे', 'माल कवडीमोलाने गेला' ही वाक्ये आपल्या घरात, बांधावर आणि बाजारात नेहमी कानी पडतात. बोलणाऱ्याने दमडी कधी पाहिलेली नसते की पै हाताळलेली नसते. तरी ऐकणाऱ्याला अर्थ बरोबर कळतो. नाणे चलनातून जाते, पण म्हण जात नाही. अक्षरओळख नसलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी व्यवहाराचे शहाणपण अशा म्हणींत बांधून ठेवले आहे. ती गाठ जरा सोडून पाहू.

दामाची दमडी

'दाम' हा शब्द फार लांबून आला. ग्रीकांचे 'द्राख्मा' नावाचे नाणे होते. त्याचे संस्कृतात 'द्रम्म' झाले आणि द्रम्माचा पुढे दाम झाला. अकबराच्या काळी दाम हे तांब्याचे नाणे होते. 40 दामांचा एक रुपया. दामाचा आठवा हिस्सा ती दमडी. म्हणजे 320 दमड्या जमवाव्या तेव्हा कुठे रुपया व्हायचा. 'चमडी जाईल पण दमडी जाणार नाही' असे कंजुषाला म्हणतात, त्यातला टोमणा आता नीट लक्षात येईल.

पुढच्या काळात हिशेबापुरते एका पैशाचे 25 दाम धरू लागले. सहा दाम तो छदाम, म्हणजे जेमतेम पाव पैसा. कवडी तर याहून हलकी. ती मालदीवच्या समुद्रातून यायची आणि सुट्ट्या नाण्यासारखी चालायची. मुळात कवडीला मोल थोडे, त्यातून ती फुटकी!

सोळा आण्यांचा रुपया

जुन्या रुपयाचे 16 आणे, 64 पैसे किंवा 192 पया होत. म्हणून पूर्ण खरी गोष्ट ती 'सोळा आणे खरी'. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे 100 नवे पैसे झाले. तरीही 25 पैशांना लोक चार आणे आणि 50 पैशांना आठ आणेच म्हणत राहिले. 30 जून 2011 पासून 25 पैसे आणि त्याखालची नाणीही चलनातून गेली.

शेतकऱ्याचा या आण्यांशी संबंध बाजारापुरता नव्हता. भरघोस पीक म्हणजे सोळा आणे पीक. त्या मापाने गावाचे पीक किती आले ते ठरवायचे, ती आणेवारी. दशमान पद्धतीनंतर तिची पैसेवारी झाली. पैसेवारी 50 पैशांच्या आत आली की गावात टंचाईच्या सवलतींची चर्चा सुरू होते. 2016 च्या केंद्राच्या दुष्काळ संहितेपासून पावसाची तूट, जमिनीतला ओलावा, पिकाची स्थिती हेही पाहिले जाते. पण महसुली दप्तरातून पैसेवारी हा शब्द काही गेलेला नाही.

आपल्या जिल्ह्याचे दामाजी

पैशाला थट्टेने 'दामाजीपंत' म्हणतात, तो विनोद आपल्या सोलापूर जिल्ह्यातलाच म्हणायचा. मंगळवेढ्याचे संत दामाजी हे बेदरच्या बादशहाचे अधिकारी. दुष्काळात त्यांनी सरकारी धान्याची कोठारे भुकेल्यांसाठी उघडली. बादशहाने त्यांना पकडून आणण्याचा हुकूम केला, तेव्हा पांडुरंग विठू महाराच्या रूपाने बेदरला गेला आणि धान्याची सारी रक्कम भरून पावती घेऊन आला, अशी कथा आहे. नावात 'दाम' असल्याने लोकांना कोटी सुचली, आणि खिसा रिकामा असला की 'आज दामाजीपंत रुसले' असे म्हणण्याची रीत पडली. ज्यांनी धान्याची किंमत माणसाच्या भुकेवरून ठरवली, त्यांचेच नाव पैशाला मिळाले, हे मोठे गमतीचे आहे.

सोलापूर शहर तर पैसा तीन भाषांत मोजते. कन्नड घरात पैसा म्हणजे 'दुड्डु', तेलुगू घरात 'डब्बु', आणि मराठी घरातले जाडजूड तांब्याचे जुने नाणे म्हणजे 'ढब्बू पैसा'. भाजीतली ढब्बू मिरचीही अशीच गुबगुबीत.

कोंबडी आणि मसाला

आता 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' ही म्हण घ्या. चार आणि बारा मिळून सोळा, म्हणजे बरोबर एक रुपया. त्या रुपयातला पाव हिस्सा मूळ वस्तूचा आणि पाऊण हिस्सा वरखर्चाचा! म्हण हसवते, पण तिच्यात पक्का हिशेब आहे.

2023 च्या फेब्रुवारीत जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला 1 रुपया. गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा जाता उरले 2 रुपये 49 पैसे, आणि हाती चेक आला तो 2 रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. ही बातमी देशभर गाजली. 'पैशाला पासरी' म्हणजे एका पैशाला पाच शेर. त्या म्हणीतल्या शेतकऱ्याच्या हाती निदान पैसा तरी पडत होता. इथे मसाल्याने कोंबडीच खाऊन टाकली.

भाव आपल्या हाती नसतो, हे खरे. पण वरखर्च किती बसेल, याचा अंदाज घरी बसून काढता येतो. गाडी भरण्यापूर्वी आदल्या दिवशीचा बाजारभाव विचारावा. भाडे, हमाली, तोलाई कागदावर मांडून पाहावी. विक्रीनंतर पट्टी मागून घ्यावी आणि तिच्यातला एकेक रकाना शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. घरच्या लक्ष्मीलाही तो ऐकू द्यावा, कारण खुरपणीपासून काढणीपर्यंत तिचाही घाम त्या कांद्यात असतो.

पै गेली, दमडी गेली, चार आणेही गेले. पै न् पैचा हिशेब मात्र घरात राहिलाच पाहिजे.