भाड्याचे घर, ‘भोग्या’चे घर की स्वतःचे घर?

‘घर पाहावे बांधून’ असे आपल्याकडे म्हणतात. बंगळूरूत आलेल्या मराठी कुटुंबाला मात्र घर बांधण्याआधी घर शोधण्याचीच परीक्षा द्यावी लागते. १६३८ मध्ये शहर विजापूरकरांच्या ताब्यात आले आणि शहाजीराजांना जहागीर मिळाले, तेव्हापासून इथे मराठी माणूस आहे. आज बेळगाव, कोल्हापूर, पुण्याहून तो नोकरीसाठी येतो. पहिली दोन वर्षे भाड्याच्या घरात जातात आणि मग एके दिवशी गावाहून वडिलांचा फोन येतो, “भाडे भरून पैसे वाया का घालवता? माझ्या फंडाचे पैसे घ्या आणि घर करून टाका!”

वडिलांच्या आयुष्याची पुंजी पणाला लावण्याआधी कागद-पेन घेऊन बसलेले बरे.

भाडे खरेच वाया जाते का?

समजा, साठ लाखांचा दोन खोल्या-हॉल-स्वयंपाकघराचा फ्लॅट आहे आणि तसाच फ्लॅट वीस हजार भाड्याने मिळतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकते. म्हणजे १२ लाख आपले. त्यावर मुद्रांक शुल्क, अधिभार आणि नोंदणी शुल्क. नोंदणी शुल्क ऑगस्ट २०२५ अखेर १ वरून २ टक्के झाल्याने हा खर्च सुमारे साडेसात टक्के, म्हणजे साडेचार लाखांच्या घरात जातो. हाती साडेसोळा लाख हवेत, आणि फर्निचर अजून घेतलेलेच नाही!

उरलेल्या ४८ लाखांवर साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षांची मुदत धरली, तर मासिक हप्ता सुमारे ४१,६५० रुपये येतो. पहिल्या हप्त्यातले ३४ हजार निव्वळ व्याज असते. पाच वर्षांत पंचवीस लाख भरूनही कर्ज ४२ लाखांच्या वर उरते. भाडे वाया जाते म्हणणाऱ्यांनी हे व्याजही मोजावे. शिवाय नवी करप्रणाली निवडली असेल, तर राहत्या घराच्या व्याजावर करसवलत मिळत नाही.

दुसरी बाजूही आहे. भाडे दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढले, तर आजचे वीस हजार पंधरा वर्षांनी साडेएक्केचाळीस हजार होतात, म्हणजे हप्त्याएवढेच. त्यापुढे भाडे वाढतच जाईल, हप्ता मात्र विसाव्या वर्षी संपेल. म्हणून खरा प्रश्न एकच: या शहरात किती वर्षे राहायचे आहे? चार-पाच वर्षांत बदली किंवा परतण्याचा विचार असेल, तर भाडेच परवडते. मुलांच्या शाळा इथेच पुऱ्या व्हायच्या असतील, तर खरेदीचा विचार जरूर करावा.

दहा महिन्यांचा ॲडव्हान्स

भाड्याच्या घराचीही एक किंमत आहे. फाटकावर ‘मने बाडिगेगे इदे’, म्हणजे ‘घर भाड्याने देणे आहे’, अशी पाटी दिसली की आधी ॲडव्हान्स विचारावा. इथे दहा महिन्यांच्या भाड्याइतका ॲडव्हान्स घेण्याची जुनी प्रथा आहे. अलीकडे पाच-सहा महिन्यांवरही काही जण तयार होतात. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण असा कायदा लागू करणे राज्यांच्या हाती असते. घर सोडताना रंगकामासाठी महिन्याचे भाडे कापतात. ते किती, हे करारातच लिहून घ्यावे. घरात शिरतानाच भिंती-नळांचे फोटोही काढून ठेवावेत.

‘भोग्या’चा मोह

तिसरा मार्ग बंगळूरूचा खास आहे. ‘भोग्य’ किंवा ‘लीज’ म्हणून एकरकमी मोठी रक्कम घरमालकाला द्यायची, दोन-तीन वर्षे बिनभाड्याने राहायचे आणि जाताना रक्कम परत घ्यायची. आपल्याकडच्या ताबेगहाणासारखाच हा प्रकार. समजा सोळा लाख दिले. ते बँकेत साडेसहा टक्क्यांनी ठेवले असते, तर महिना साडेआठ-नऊ हजार व्याज मिळाले असते. म्हणजे वीस हजारांचे घर नऊ हजारांत पडले!

पण घर आधीच बँकेकडे गहाण असेल आणि मालकाने हप्ते थकवले, तर बँक घर जप्त करते आणि भाडेकरू रक्कम मागत फिरतो. काही वेळा मध्यस्थच रक्कम घेतात, मालकाला काही महिने भाडे पोचवतात आणि नाहीसे होतात. दक्षिण कोरियात हीच पद्धत ‘जोन्से’ नावाने चालते. तिथे इतके भाडेकरू बुडाले, की २०२३ मध्ये त्यांच्यासाठी खास कायदा करावा लागला.

म्हणून मूळ खरेदीखत मालकाच्या हातात आहे का, ते पाहा. ‘कावेरी’ या सरकारी पोर्टलवरून बोजा दाखला काढा. करार नोंदवूनच घ्या आणि पैसे बँकेतून, थेट मालकाच्याच खात्यात द्या. वडिलांचा फंड या सौद्यात शक्यतो घालू नये.

स्वस्त घराची पारख

खरेदी करायचे ठरलेच, तर ‘खाता’ हा शब्द पाठ करा. ‘ए’ खाता म्हणजे नियमात बसणारी मालमत्ता. ‘बी’ खात्यावर कर घेतला जातो, पण त्याने बांधकाम कायदेशीर ठरत नाही आणि अनेक बँका कर्ज देत नाहीत. स्वस्त फ्लॅट बहुधा इथेच सापडतो. खाते पुढे बदलून मिळेल, या भरवशावर पैसे देऊ नयेत. शहरात ऑक्टोबर २०२४ पासून खरेदीच्या नोंदणीला ई-खाताही लागतो. नव्या इमारतीचा भोगवटा दाखला आणि ‘रेरा’ची नोंदणी पाहावी. कावेरीचे पाणी येते की टँकर, हेही विचारावे. २०२४ च्या उन्हाळ्याने त्याची किंमत दाखवून दिली आहे.

वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत आणि देशात कुठेही पक्के घर नसेल, तर प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) २.० मध्ये १ लाख ८० हजारांपर्यंत व्याज-अनुदान मिळू शकते. त्याची बँकेत चौकशी करावी.

शेवटी साधा हिशेब: सगळे हप्ते मिळून घरात येणाऱ्या पगाराच्या ४० टक्क्यांपुढे जाऊ नयेत आणि सहा महिन्यांचा खर्च बँकेत शिल्लक असावा. वरच्या उदाहरणातला हप्ता पेलायला दोघांचे मिळून लाखाच्या वर उत्पन्न हवे. ते नसेल, तर दोन वर्षे ठरवून भाड्यानेच राहा आणि तो काल्पनिक हप्ता वजा भाडे, म्हणजे महिना साधारण २१ हजार, बँकेत टाकून पाहा. जमले, तर पाच लाखांची शिल्लक हाती येईल आणि हप्त्याची सवयही लागेल. नाही जमले, तर वडिलांचा फंड वाचला, असे समजा. आणि घर घ्याल, तेव्हा खरेदीखतावर पती-पत्नी दोघांचीही नावे घाला.